दोहा दर्शन, बडोदेमार्गे

मुलीकडे माद्रिदला जाताना दोह्यात विमान बदलायचं होतं. तिकीट काढतानाच एक रात्र तिथे मुक्काम करायचा पर्याय समोर आला. हॉटेल सवलतीत आणि विमानभाडं तेवढंच. बायको म्हणाली, "वाळवंटात उंच इमारती सोडून बघायचंय काय?" बोलण्यात तथ्य होतं. उंच इमारतींसाठी हल्ली हिंजवडीही पुरते. पण मला दोह्यात एक ठरावीक वस्तू बघायची होती आणि ती उंच नव्हती, आडवी होती. बडोद्याचा मोत्यांचा गालिचा.

आम्ही बडोद्याचे मराठी. नोकरीपायी पुण्यात आलो, तरी शाळा-कॉलेज, लग्न, सगळं दांडिया बाजाराच्या आसपासचं. गायकवाडांच्या जवाहिरखान्याच्या कथा आमच्या घरात जेवणं झाल्यावर रंगायच्या. सोन्याच्या तोफा, सातपदरी मोत्यांचा हार, 'स्टार ऑफ द साउथ' हिरा, आणि खंडेराव महाराजांनी 1865 च्या सुमारास करवून घेतलेला हा गालिचा. मदिनेला पैगंबरांच्या कबरीसाठी पाठवायचा म्हणून तो केला, असं सांगतात. 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे सीतादेवी महाराणींबरोबर तो मोनॅकोला गेला, आणि 2009 मध्ये खुद्द दोह्यात लिलावात 54 लाख डॉलरच्या वर विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जिथे तो पूर्वी ठेवलेला असे तो नजरबाग पॅलेस मात्र पाडून झाला.

तर हॉटेलबरोबर अर्ध्या दिवसाची 'सिटी टूर' घेतली. शेअरिंगची, म्हणजे मिनीबसमधून दहा-बारा जण. ठिकाणांच्या यादीत दोन संग्रहालयं होती, पण दोन्हींपुढे बारीक अक्षरात 'फोटो स्टॉप' लिहिलेलं. फोटो स्टॉप म्हणजे बाहेरून दर्शन, कळस बघून नमस्कार. म्हणून बुकिंग झाल्यावर फोन करून विचारून घेतलं की शेवटी हॉटेलवर न सोडता आम्हाला नॅशनल म्यूझियमपाशी उतरवाल का. गाइडला सांगा, म्हणाले. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टावर तिथे उतरल्यावर मिळतो, पण हॉटेलचं बुकिंग वगैरे अटी असतात आणि त्या बदलत राहतात. तेवढं तिकिटाआधी बघून घ्यावं.

मे महिना संपत आलेला. सकाळी आठला लॉबीत येऊन थांबा, असा निरोप होता, आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला, असाही. बस वेळेवर आली. मग तिने शहरातली आणखी हॉटेलं पालथी घातली. एकीकडे ब्राझीलचं नवपरिणीत जोडपं, एकीकडे ऑस्ट्रेलियाची मायलेकरं, एकीकडे एक जर्मन आजोबा, ज्यांना कोणीतरी परतपरत फोन करून औषध घेतलं का विचारत होतं. शेअरिंगमध्ये पहिला पाऊण तास असाच जातो, तो धरूनच चालायचं. आमची गाइड मोम्बासाची होती. तिशीतली, खणखणीत आवाजाची. ड्रायव्हर मलप्पुरमचा. तीसेक लाख वस्तीच्या या देशात मूळ कतारी माणसं दहा-बारा टक्केच, त्यामुळे कतार दाखवायला केनियाची बाई आणि केरळचा माणूस असणं यात तिथल्या कोणालाही नवल वाटत नाही.

पहिला थांबा इस्लामी कला संग्रहालयाजवळच्या बागेत. बसमधून उतरलो आणि काहीच दिसेना. एसीतून एकदम त्या दमट हवेत आल्यावर चष्मा पांढरा झाला होता, मोबाइलच्या कॅमेऱ्यावरही वाफ. सगळेच जण आपापल्या काचा पुसत उभे, आणि गाइड शांतपणे हसत थांबलेली. हे तिला रोजचं होतं. चष्मा निवळला तेव्हा समोर पाण्यात एकावर एक ठोकळे रचल्यासारखी ती फिकट दगडाची इमारत. वास्तुकार आय. एम. पेई. निवृत्तीतून त्यांना या कामासाठी परत बोलावलं, इमारत 2008 मध्ये उघडली तेव्हा ते 91 वर्षांचे होते. कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या आवारातलं वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, छोटं घुमटीवजा बांधकाम बघून त्यांना हा आकार सुचला. आणि शेजारी उद्या कोणी टॉवर उभा करून आपली इमारत झाकून टाकेल म्हणून त्यांनी किनाऱ्यापासून वेगळं बेटच बनवून घेतलं. शेजाऱ्याच्या बांधकामाची एवढी खबरदारी घेणारा माणूस पुण्यात असता तर त्याला मानाचं पान मिळालं असतं.

तिथूनच खाडीपलीकडे वेस्ट बेचे टॉवर दिसतात. फोटोत दिसतं ते दोहा हेच. बाकी मंडळी त्या दिशेने सेल्फी काढत असताना मी पाण्यात डुलणारी गलबतं बघत होतो. आता ती पर्यटकांना फेरी मारून आणतात, रात्री त्यांच्यावर निळे-जांभळे दिवे लावतात. पण बांधणी जुनीच, आणि आखातातल्या जुन्या गलबतांचं लाकूड म्हणजे आपल्या मलबारचा साग. या भागात झाड उगवत नाही, तर जहाज कशाचं बांधणार? ड्रायव्हरला हे सांगितलं तर तो म्हणाला, "हमारा लकड़ी पहले आया, हम बाद में आया."

कॉर्निशच्या, म्हणजे किनाऱ्याकडेच्या रस्त्याने निघालो. उघडलेल्या शिंपल्यात मोती, असं कारंजं वाटेत लागतं, तिथे गाइडने मोत्यांची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, पण भराभर. तेल निघण्याआधी हा देश मोत्यांवर जगायचा. ऐन उन्हाळ्यात चारेक महिने गलबतं समुद्रात. पाणबुड्या नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचा, गळ्यातल्या जाळीत शिंपले भरायचा, दोरीला झटका दिला की वरचा माणूस त्याला ओढून घ्यायचा. बोटीवर एक गाणारा असायचा, त्याचं काम गाणं एवढंच. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगामानंतर ती फिटायची नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच नाखव्याकडे. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. मग 1920-30 च्या सुमारास जपानचे कल्चर्ड मोती आले, वर जागतिक मंदी, आणि सगळं बसलं. 1939-40 मध्ये दुखानला तेल लागलं तोवर माणसं देशोधडीला लागलेली.

तिने एक गोष्ट मात्र गाळली. हे मोती जायचे कुठे? मुंबईला. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई होती; तिथे छिद्रं पाडून, प्रतवारी लावून ते जगभर जात. आपण ज्यांना बसरा मोती म्हणतो ते या आखाताच्या तळातले. मी हे बसमध्ये हळूच बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे आजीच्या नथीतले?" होय, तेच.

कटाराबद्दल फार लिहीत नाही. 'सांस्कृतिक गाव' असं नाव, सगळं नवं बांधलेलं, पाच हजार माणसं बसतील असं दगडी खुलं नाट्यगृह, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यात एक मांजर. तिथल्या निळ्या-जांभळ्या फरशांच्या मशिदीची रचना एका तुर्की बाईची आहे, झैनेप फादिल्लोग्लू. ती जवळ जाऊन बघण्यासारखी. मातीच्या रंगाचे कबुतरांचे मनोरेही छान. जवळच्या दुकानांच्या गल्लीत उघड्या रस्त्यावर एसी आहे. जमिनीलगतच्या जाळ्यांतून गार हवा येते आणि वर आभाळ मोकळं. जर्मन आजोबा त्या जाळीवर उभे राहिले ते हलेचनात. मला ते बघून आमच्या बडोद्याजवळचं दहेज बंदर आठवलं. कतारचा द्रवरूप गॅस 2004 पासून जहाजांनी तिथे उतरतो. त्यांच्या नॉर्थ फील्डमधला तोच गॅस, 1971 मध्ये सापडलेला. आमच्याकडे त्यावर खतं होतात, वीज होते, रिक्षा पळतात. इथे त्यावर रस्ता गार करतात.

'द पर्ल' या कृत्रिम बेटावर बस नुसती फिरली आणि व्हेनिससारख्या कालव्यांच्या भागात पंधरा मिनिटं थांबली. गुलाबी-पिवळी घरं, कमानीचा पूल, पाणी स्वच्छ, माणूस नाही. ब्राझीलच्या जोडप्याला फार आवडलं. मी ड्रायव्हरजवळ सावलीत उभा राहिलो. तो दोह्यात आला तेव्हा मालकाच्या चिठ्ठीशिवाय नोकरी बदलता येत नव्हती. 2020 मध्ये ती अट गेली, 2021 पासून किमान पगार 1000 रियाल ठरला. "कागज पर अच्छा हुआ," तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "थोड़ा सच में भी हुआ." फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधी सगळं शहर खणलेलं होतं, रोज नवा रस्ता बंद. तेव्हा त्याच्या गावची पुष्कळ मुलं इथे होती, आता बरीच गेली. गाइडच्या बोलण्यात स्टेडियमं आली, 974 कंटेनरचं स्टेडियम आलं, देशाचा फोन कोडही 974 हे आलं. ही मुलं नाही आली. टूरच्या गाइडकडून ती अपेक्षा करणं चूक आहे हे मला कळतं. तिची नोकरी आहे ती. पण ड्रायव्हरशी हिंदी बोलता येणं ही आपल्या लोकांची मोठी सोय आहे, ती वापरावी.

शेवटचा मोठा थांबा सूक वाकिफ, म्हणजे जुना बाजार. जुना म्हणजे जागा जुनी. 2003 मध्ये आग लागून बराचसा जळाला, मग जुन्या पद्धतीनेच पुन्हा बांधला. मातीचा गिलावा, आणि छताला गोल वासे. इथे आमची गाइड एकदम वेगळी झाली. मान वर करून एकेक वासा दाखवायला लागली. आखातातल्या जुन्या घरांना हे वासे लागायचे ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, लामूच्या बाजूने यायचे. खारफुटीची लाकडं. गलबतात मावतील अशा लांबीची तोडायची म्हणून खोल्यांची रुंदीही तेवढीच. "माझ्या आजोबांच्या गावाकडची लाकडं," ती म्हणाली. साडेतीन तासांतलं पाठ न केलेलं असं तिचं हे एवढंच बोलणं, आणि मला सगळ्यांत आवडलेलंही तेच.

बाजारात तिने पाऊण तास मोकळा दिला. ससाण्यांची वेगळी गल्ली आहे. दुकानात वाळू पसरलेली, त्यात ठोकलेल्या बुटक्या दांड्यांवर ससाणे बसलेले, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. जवळच त्यांचं स्वतंत्र इस्पितळ. कतार एअरवेजच्या इकॉनॉमी केबिनमध्ये सहापर्यंत ससाणे नेता येतात, हे ऐकून ऑस्ट्रेलियन मुलाने आईला परतीच्या प्रवासाबद्दल प्रश्न विचारून हैराण केलं. एका कोपऱ्यावर बुरखा घेतलेली बाई तापल्या तव्यावर रगाग करत होती. पिठाचा गोळा हातात घेऊन तव्यावर नुसता फिरवायचा, जेवढं चिकटेल तेवढी पोळी. खानदेशातल्या मांड्यासारखी पातळ, उजेडाला धरली तर पलीकडचं दिसेल. वर अंडं आणि चीज. बायकोने नुसती मागितली, आणि त्या बाईने पैसे घ्यायच्या आधी तिला मधात बुडवून एक तुकडा खायला लावला. सोबत वेलदोड्याचा करक चहा, आपल्या टपरीवरचाच, फक्त दुधाच्या डब्याच्या चवीचा. गल्लीतून हातगाड्या ढकलत म्हातारे हमाल जात होते, अंगात मरून रंगाची जाकिटं.

जुन्या वस्तूंच्या एका दुकानात काचेखाली नोटा मांडलेल्या. त्यात दहा रुपयांची नोट, लाल रंगाची. रिझर्व्ह बँकेचीच, पण आपण कधी वापरलेली नाही अशी. दुकानदार इराणी वळणाचं हिंदी बोलणारा. त्याने ती बाहेर काढून हातात दिली आणि नंबराच्या आधीच्या 'झेड' अक्षरावर बोट ठेवलं. या आखातात आपला रुपया चालायचा. इथे रुपये देऊन सोनं घ्यायचं, ते चोरून मुंबईत आणायचं आणि आलेले रुपये परत डॉलर-पौंडात वटवायचे, असा धंदा फोफावला. म्हणून 1959 मध्ये फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा छापल्या. त्याच या. जून 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि कतारने रुपया सोडला. नोटेला घडीची खूण होती, कोपऱ्यात शाईने अरबीत काहीतरी आकडा. कोणीतरी हिशेब मांडलेला. किंमत ऐकून नोट परत काचेखाली गेली. दुकानदाराला त्याचं काही वाटलं नाही. भारतीय लोक बघतात आणि ठेवून देतात, म्हणाला.

बसमध्ये परतल्यावर गाइडला म्यूझियमची आठवण केली. वाटेतच होतं. मोठमोठ्या तबकड्या एकमेकींत तिरक्या घुसवल्यासारखी ती इमारत. वाळवंटात क्षारांचे स्फटिक फुलासारखे वाढतात, 'डेझर्ट रोझ', त्यावरून ज्याँ नुव्हेलने ती केली. 2019 मध्ये उघडली. बाकीच्यांचा इथे फोटो स्टॉप झाला, सात-आठ मिनिटांचा. आम्ही उतरलो, ड्रायव्हरचा हात हातात घेतला, टिप दिली. गाइडने विचारलं, आत काय एवढं? सांगितलं. तिला गालिचा ठाऊक होता, तो भारताचा आहे हेही. बडोदा कुठे ते मात्र मला फोनवरच्या नकाशात दाखवावं लागलं.

आतली दालनं दीड किलोमीटर लांब आहेत आणि जमीन सपाट नाही, भिंती सरळ नाहीत. चालून पाय बोलायला लागतात. मोत्यांच्या भागात व्यापाऱ्यांच्या पितळी चाळण्या आहेत, एकात एक बसणाऱ्या, प्रत्येकीची भोकं आधीपेक्षा बारीक. मोती चाळून आकार ठरवायचे. इथे बायको पुढे आणि मी मागे, असं झालं.

आणि मग गालिचा. अंधारलेली खोली, काचेआड. लहानपणापासून ऐकून डोक्यात वाढलेला होता, त्या मानाने छोटा. साडेआठ बाय पावणेसहा फूट. पहिल्यांदा मोती दिसतच नाहीत. मऊ, सायीच्या रंगाचा पृष्ठभाग दिसतो. मग डोळे सरावले की कळतं की तो पृष्ठभाग म्हणजेच मोती आहेत, राजगिऱ्याएवढे, पंधरा लाखांच्या वर. रेशमावर आणि हरणाच्या कातड्यावर एकेक टाका घालून बसवलेले. त्यातून निळ्या-लाल-हिरव्या काचमण्यांच्या वेली फिरतात, आणि मधोमध हिऱ्यांची तीन मोठी फुलं. एका कडेला वेलीचं वळण जरा चुकलंय, शेजारच्या वेलीपेक्षा पान थोडं आत आलंय. कोणा कारागिराने ते सावरून घेतलेलं स्पष्ट दिसतं. पुढच्याच पानापासून ओळ पुन्हा सरळ.

आखाताच्या तळातले मोती मुंबईला गेले, तिथून बडोद्याला, तिथे त्यांचा गालिचा झाला आणि तो फिरून दोह्याला आला. गालिचा परत मिळावा असं म्हणणारे बडोद्यात माझे मित्र आहेत. मी त्यांच्यात नाही. नजरबाग आपल्याला सांभाळता आला नाही. इथे निदान दिवा मंद आहे आणि काच पुसलेली आहे. शेजारी शाळेची मुलं आली होती, त्यांच्या बाईंनी अरबीत काहीतरी सांगताना 'हिंद' आणि 'महाराजा' हे शब्द आले. बायकोने विचारलं, "महाराज मराठी बोलायचे हे सांगितलं असेल का त्यांनी?" मी म्हटलं, तू सांग.

तिने सांगितलं. इंग्रजीत, नथीसकट. त्या बाईंना नथ म्हणजे काय ते फोनवर स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून दाखवला. मुलींचा घोळका झाला. मला बाहेर बाकावर वीस मिनिटं बसावं लागलं.

हॉटेलवर जायला मेट्रो घेतली. म्यूझियमचं स्वतःचं स्टेशन आहे, गोल्ड लाइनवर. म्शेरिबला गाडी बदलली की रेड लाइन थेट विमानतळापर्यंत जाते. माणशी दोन रियाल. टूरवाल्यांनी आम्हाला ज्या रस्त्यांनी सकाळभर फिरवलं त्यातला निम्मा भाग या दोन रियालांत होतो, हे तेव्हा कळलं. पण मग ते लामूचे वासे कोणी दाखवले असते?